टायरमध्ये हवा किती? घरच्या गाडीने ऑटोक्रॉसला उतरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चतुर्थी आटोपते, पाऊस मागे सरतो, सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचं, गवत पिवळं पडू लागतं आणि गोव्यातल्या गाडीवेड्यांचे दिवस सुरू होतात. ते साधारण शिगम्यापर्यंत चालतात. पुढे ऊन सोसवत नाही. कुठे एखाद्या वसाहतीतला मोकळा डांबरी चौक, कुठे तांबड्या मातीचं मैदान. नारिंगी कोन मांडायचे, घड्याळ लावायचं आणि एका वेळी एकाच गाडीने फेरी मारायची. हेच ऑटोक्रॉस. बहुतेक फेरी दुसऱ्या गिअरमध्येच संपते.

यात उतरणारे बहुतेक जण सोमवारी त्याच गाडीने कामावर जाणारे असतात. त्यांच्याकडे रेसिंगचे टायर नसतात आणि सस्पेन्शनवर घालायला पैसे नसतात. फुकटात बदलता येईल अशी एकच गोष्ट त्यांच्या हातात उरते, ती म्हणजे टायरमधली हवा. तिच्याबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी साधी हॅचबॅक आहे, टायर १६५/८० आर १४ (रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची म्हणजे प्रोफाइल रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची). तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे त्या हिशेबाने वाचा.

पहिल्यांदाच जातोय. थेट आकडा सांगा, किती भरू?

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, टायर कंपनीने दिलेलेच आणि जागा कोरडी डांबरी किंवा काँक्रीटची असेल, तर दारावरच्या स्टिकरच्या आकड्यावर पुढे ६ आणि मागे ३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) चढवा. स्टिकर ३२ सांगत असेल तर पुढे ३८, मागे ३५. हे आकडे थंड टायरचे आहेत. टायरची भिंत, म्हणजे नक्षीपासून रिमपर्यंतची बाजू, उंच असेल, म्हणजे ८० किंवा ७५ प्रोफाइलचा टायर असेल, तर पुढे ८ चढवायला हरकत नाही. ५५ किंवा ५० प्रोफाइलच्या टायरला ४ पुरतात.

ही फक्त सुरुवात. शेवटी कुठे थांबाल ते तुमची गाडी, ती जागा आणि तुमचा हात यांवर ठरेल. माझ्याकडे आणि माझ्या एका मित्राकडे एकाच मॉडेलची गाडी आहे, टायरही तेच. त्याला पुढे ३७ मानवतात, मला ४०. तो स्टिअरिंग हळुवार फिरवतो, मी झटकन फिरवतो, त्यामुळे माझ्या टायरची भिंत जास्त दुमडते. दुसऱ्याचा आकडा उचलून आपल्या गाडीत भरणारे लोक वर्षानुवर्षं तिथेच अडकलेले मी पाहिले आहेत. आकडा शोधण्याची रीत शिकून घ्या, मग कुठल्याही गाडीत बसलात तरी ती उपयोगी पडेल.

दारावर एक आकडा आहे आणि टायरवर दुसराच. खरा कुठला?

दोन्ही खरे, पण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं. चालकाच्या दाराच्या खांबावर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत, जो स्टिकर असतो तो गाडी बनवणाऱ्याचा. गाडीचं वजन, आराम, ब्रेक, टायरची झीज या सगळ्याचा मेळ घालून रस्त्यासाठी ठरवलेला थंड टायरचा आकडा. टायरच्या भिंतीवर बारीक अक्षरांत कोरलेला असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. बऱ्याच टायरवर ती ३०० किंवा ३५० किलोपास्कल असते, म्हणजे ४४ किंवा ५१ पीएसआय. काही टायरवर ती याहून कमी असते, म्हणून गुडघ्यावर बसून, टॉर्च मारून आपल्या टायरवरचं वाचाच. थंड टायर भरताना हा आकडा ओलांडायचा नाही.

स्टिकर आणि ही मर्यादा यांच्या मधला पट्टा आपला. ऑटोक्रॉसमधला सगळा खेळ तिथे.

पंपावरचं यंत्र बारमध्ये दाखवत असेल तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय.

हवा कमी केली तर टायर जमिनीला जास्त टेकतो. मग पकड वाढायला नको का?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि विचारायलाच हवा, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. हिशेब करून बघू. चालकासकट ९०० किलोची हॅचबॅक घ्या. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत साधारण ६० टक्के भार पुढे असतो, म्हणजे पुढच्या एका चाकावर २७० किलो. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. टायरची स्वतःची ताकद बाजूला ठेवली तर २७० किलो पेलायला जमिनीवर सुमारे १२० चौरस सेंटिमीटर रबर टेकावं लागतं, जेमतेम तळहाताएवढं. ४० पीएसआयला तेच ९६ वर येतं. एक पंचमांश कमी.

मग आम्ही हवा वाढवतो कशाला? कारण हा हिशेब उभ्या गाडीचा आहे. वळणात गाडीचा भार बाहेरच्या पुढच्या चाकावर लोटतो आणि त्या एका चाकाला नेहमीच्या दीडपट किंवा त्याहूनही जास्त वजन पेलावं लागतं. ते पेलतानाच त्याला आडवंही ढकललं जात असतं. सैल चपलेत पाय झटकन वळवला की काय होतं ते आठवा. चप्पल जागेवर राहते आणि टाच कडेवरून बाहेर घसरते. कमी हवेच्या टायरचं तसंच होतं. रिम बाहेर सरकते, भिंत खाली दुमडते, नक्षीचा आतला भाग जमिनीवरून हलका होतो आणि सगळा भार खांद्यावर (नक्षी आणि भिंत जिथे मिळतात त्या कडेवर), प्रसंगी भिंतीवरच येतो. भिंतीचं रबर पातळ, तिला पकडीसाठी बनवलेलंच नसतं. कागदावरचे १२० चौरस सेंटिमीटर वळणात उरतच नाहीत.

रस्त्याच्या टायरची भिंत मऊ असते, कारण तिला खड्डे झेलायचे असतात. हवा वाढवून आपण त्या मऊ भिंतीला आधार देतो. पण एका टप्प्यानंतर भिंत पुरेशी ताठ झालेली असते आणि पुढे हवा वाढवली की फक्त टेकणारं रबर कमी होत जातं, टायर मधोमध फुगतो, गाडी बारीक उंचवट्यांवरून टणटण उडते. आपल्याला हवा आहे तो त्या टप्प्यापाशी थांबलेला आकडा. ‘जितकी जास्त तितकी चांगली’ असं सांगणाऱ्यांचंही ऐकू नका.

स्टिकरपेक्षा कमी हवेचा आणखी एक धोका आहे. ट्यूबलेस टायर रिमच्या कडेला हवेच्या दाबानेच चिकटून असतो. जोरदार आडव्या झटक्यात तो तिथून सुटला तर चाक क्षणात रिकामं होतं.

खडूची युक्ती म्हणतात ती काय?

शाळेचा पांढरा खडू. पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या खांद्यावर, नक्षीपासून भिंतीच्या अर्ध्यापर्यंत एक जाड आडवी रेघ ओढायची. टायरच्या घेरावर अशा तीन ठिकाणी. मग फेरी मारून यायचं आणि खडू कुठपर्यंत पुसला गेला ते बघायचं.

बघायचं कशाच्या तुलनेत? खांद्याजवळ भिंतीवर एक छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. ती खरं तर नक्षी किती झिजली हे दाखवणाऱ्या, खोबणीतल्या १.६ मिलिमीटरच्या उंचवट्याची जागा सांगण्यासाठी असतात, पण आपल्याला ती मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतात. खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला असेल तर हवा जवळपास बरोबर. त्रिकोण ओलांडून भिंतीवर पुसला असेल तर टायर दुमडतो आहे, २ पीएसआय वाढवा. नक्षीच्या बाहेरच्या कडेवर खडू तसाच राहिला असेल तर टायर पुरता टेकतच नाही, २ काढा.

यात लोक दोन ठिकाणी चुकतात. एक म्हणजे फेरी संपल्यावर गाडी लांब नेऊन लावतात. वाटेत खडू उगाच पुसतो. थांबल्या थांबल्या उतरून बघा, किंवा मित्राला उभं करून फोटो काढायला सांगा. दुसरं म्हणजे पहिल्याच फेरीवरून निष्कर्ष काढतात. आपल्याकडे डांबरावर जांभ्याच्या धुळीचा बारीक थर बसलेला असतो. पहिल्या गाड्या तो झाडून काढतात. तोवर कोणालाच पकड नसते, भिंत दुमडेल इतकं बळच टायरवर येत नाही आणि खडू सुंदर दिसतो. दुपारी वाट स्वच्छ झाली की त्याच हवेवर तोच टायर भिंतीपर्यंत लोळतो. मी पहिली फेरी हवेच्या हिशेबात धरतच नाही.

खडू फक्त भिंत दुमडते का एवढंच सांगतो. गाडी वेगवान झाली का ते घड्याळ सांगतं. दोघांचं एकमत होईपर्यंत थांबायचं नाही.

स्टिअरिंग वळवतो, पण गाडी सरळच जाते. पुढची हवा वाढवू की कमी करू?

आधी हवेला हात लावू नका. पुढची फेरी मुद्दाम थोडी हळू मारा, कोनाच्या आधी ब्रेक लवकर लावा, ब्रेक सोडून मग स्टिअरिंग फिरवा. वेळ सुधारला तर चूक हवेची नव्हती. मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि पहिलं आख्खं वर्ष मी टायरला दोष देण्यात घालवलं. वळणात वेगाने शिरून मग घाबरून स्टिअरिंग आणखी फिरवलं की पुढचे टायर नुसते घासत जातात. कितीही हवा भरा, त्या वेळी टायर ऐकत नाही.

तरीही गाडी बाहेरच जात असेल तर खडू बघा. भिंतीवर पुसला असेल तर पुढे २ वाढवा. खडू ठीक असेल आणि गाडी तरीही वळत नसेल तर पुढे तसंच ठेवून मागे २ वाढवा. मागची पकड किंचित कमी झाली की गाडी मधोमध फिरायला तयार होते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या घरच्या गाड्या कारखान्यातूनच अशा बनवतात, की मर्यादा ओलांडली तर पुढून घसराव्यात, कारण सामान्य चालकाला ते सांभाळणं सोपं जातं. मागची हवा वाढवून आपण ती समजूतदार सवय थोडी मोडत असतो, हे लक्षात असू द्या.

एका वेळी एकच बदल. पुढे वाढवलं, मागे कमी केलं, सीट पुढे घेतली आणि वेळ सुधारला, तर कशाने सुधारला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

मागे ४५ भरले की गाडी भिंगरीसारखी फिरते म्हणे?

फिरते, आणि थांबत नाही. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की भार पुढे येतो, मागची चाकं हलकी होतात, त्यात हवा ठासलेली असेल तर मागचा भाग सरळ बाहेर निघतो. मोकळ्या चौकात चार कोन उडतील आणि तुम्ही शिकाल. पण कडेला विजेचा खांब किंवा जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत असेल तर तशी संधी मिळणार नाही. पहिल्या चार-पाच स्पर्धांपर्यंत मागचा आकडा पुढच्यापेक्षा वर नेऊ नका. नंतर न्यायचाच असेल तर दोन-दोनाच्या पायरीने, मोकळ्या जागी.

पेट्रोल पंपावरच्या मीटरवर भरवसा ठेवला तर चालेल?

रोजच्या वापराला चालेल. यासाठी नाही. एका पंपावर मी महिनोन् महिने हवा भरत होतो. तिथला मीटर खऱ्यापेक्षा ४ पीएसआय जास्त दाखवायचा. म्हणजे मी ३८ समजून ३४ वर फेऱ्या मारत होतो आणि टायरचे खांदे का झिजतात म्हणून अलाइनमेंटवाल्याच्या डोक्याला ताप देत होतो. स्वतःचा गेज घेतल्यावर पहिल्या दिवशी कळलं.

म्हणून पहिली खरेदी गेजची. ० ते ६० पीएसआयचा गोल तबकडीचा, हवा सोडायचं बटण असलेला गेज सगळ्यात बरा. तबकडीचा गेज आपल्या पल्ल्याच्या मध्यभागी जास्त विश्वासू असतो आणि आपले आकडे नेमके तिथेच येतात. डिजिटलही चालतो, सेल संपला की अडतं एवढंच. लागोपाठ पाच वेळा लावल्यावर पाचही वेळा तोच आकडा दाखवला तर गेज चांगला. तो खऱ्यापेक्षा १ ने चुकत असला तरी बिघडत नाही, कारण तुमची सगळी तुलना त्याच गेजशी होणार आहे. मात्र दुसऱ्याच्या गेजने मोजलेला आकडा आपल्या वहीत लिहायचा नाही. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर मिळाला तर उत्तम. तो हळू चालतो, पण मैदानावर दुसरं काय असतं? पायाचा पंपही चालतो.

गाडीच्या पडद्यावर टायरचा आकडा दिसत असेल तर तो ढोबळ अंदाजाला ठीक. काही गाड्यांत आकडा नसतोच, फक्त चाकांच्या फिरण्याच्या वेगातला फरक ओळखून दिवा लागतो. हवा बदलल्यावर तो दिवा लागला तर घाबरू नका, घरी हवा पूर्ववत करून यंत्रणा रीसेट करा.

‘थंड टायर’ म्हणजे नेमका किती थंड? आपल्याकडे थंडी असते कुठे!

थंड म्हणजे चालून तापलेला नसलेला. गाडी तीनेक तास उभी असेल आणि उन्हात नसेल तर टायर थंड. पण सकाळचा थंड आणि दुपारचा थंड एक नसतात. तापमान १० अंशांनी वाढलं की आपल्या आकड्यांच्या टायरमध्ये साधारण दीड पीएसआय वाढतात. डिसेंबरात सकाळी सातला २१ अंश आणि दुपारी ३२ अंश असेल, तर गाडी जागची न हलता दीड-पावणेदोनचा फरक पडला.

ऊन याहून फसवं. गाडीची एक बाजू उन्हात आणि दुसरी माडाच्या सावलीत असेल तर उन्हातल्या टायरमध्ये हवा जास्त दिसते. मग लोक ‘डाव्या बाजूला जास्त भरली गेली’ म्हणून ती काढतात आणि पहिल्याच फेरीत गाडी डावीकडे वेगळी, उजवीकडे वेगळी वागते. गाडी पूर्ण सावलीत लावा. सावली नसेल तर जुनी चादर टायरवर टाका, मी तेच करतो.

फेऱ्या मारता मारता हवा वाढते. मध्येच काढायची का?

हो. चार-पाच फेऱ्यांत आकडा २ ते ४ ने चढतो, दोघे भाऊ एकच गाडी आळीपाळीने चालवत असतील तर आणखी. तुमच्या गाडीला पुढे गरम ४० मानवतात हे एकदा कळलं की प्रत्येक फेरीआधी गेज लावून तेवढ्यावर आणा. खऱ्या अर्थाने शोधायचा असतो तो हा गरम आकडा.

टायर फारच तापला तर तो चोपडा लागतो, स्टिअरिंग हलकं होतं. दुपारी डांबरावर हात टेकवत नाही तेव्हा हे हमखास होतं. बागेला औषध मारायच्या पंपात साधं पाणी भरून दोन फेऱ्यांच्या मध्ये टायरवर फवारा. सुरुवातीच्या रेषेवर ओले टायर घेऊन मात्र जाऊ नका. पाणी नसेल तर सावलीत थांबा. एक भाजीपाव आणि चहा होईपर्यंत टायर बराच निवतो.

नायट्रोजन भरावा का?

भरलात तर वाईट नाही, पण त्याने वेळ सुधारणार नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फायदा आहे तो कोरडेपणाचा. आपल्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि त्यातलं थोडं टायरमध्ये जातं. टायर तापला की त्याची वाफ होऊन दाब एक-दोन पीएसआय जास्तच चढतो. टाकीतलं पाणी नियमित काढणारा टायरवाला गाठा, तेवढ्याने काम होतं. शिवाय फेरीआधी आपण हवा काढतो, घरी जाताना पुन्हा भरतो. दर वेळी नायट्रोजन कुठून आणणार?

मातीवरच्या ऑटोक्रॉसला हेच आकडे का?

नाही, आणि इथे फार जणांचं नुकसान होतं. आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की पुष्कळदा मातीचंच मैदान असतं. सुट्या मातीवर टायरची भिंत दुमडेल इतकी पकडच मिळत नाही, त्यामुळे ६-८ पीएसआय चढवण्याचं कारण उरत नाही. जास्त हवेचा टायर खड्यांवरून उड्या मारतो आणि गाडी तरंगल्यासारखी चालते.

मग कमी करावी, असं रॅली बघितलेले मित्र सांगतील. मऊ, बारीक मातीत २-४ ने कमी केल्यास पकड वाढते हे खरं. पण रॅलीच्या टायरची भिंत जाड आणि मजबूत असते, आपल्या टायरची नसते. आपल्या सड्यांवरची माती म्हणजे वर तांबडी धूळ आणि खाली जांभ्याचे टोकदार खडे. हवा कमी असली की खडा टायरला रिमपर्यंत दाबतो, भिंत आतून फाटते, रिमची कडा वाकते. भिंतीला पडलेलं भोक पंक्चरवाला जोडत नाही, टायरच जातो. मातीवर मी स्टिकरचा आकडा किंवा त्यावर २ एवढंच ठेवतो आणि तुम्हालाही तेच सांगेन. खडूची युक्ती मातीवर चालत नाही. तिथे घड्याळ आणि आपल्या बसण्याला जाणवणारी गाडी, दोनच साक्षीदार.

मातीवरून परतल्यावर वॉल्व्हमध्ये फुंकर मारून टोप्या लावा. धूळ आत गेली की वॉल्व्ह हळूहळू गळतो.

मध्येच सर आली तर?

ऑक्टोबरात ती येतेच. ओल्या डांबरावर पकड कमी, म्हणून भिंतीवर बळही कमी येतं. कोरड्यासाठी चढवलेल्या हवेतली निम्मी काढा. स्टिकर ३२, पुढे ३८ असतील तर ३५ वर या. स्टिकरच्या खाली जाऊ नका. पाण्याच्या थरावर टायर तरंगण्याचा वेग हवेच्या दाबावर अवलंबून असतो, हवा कमी तर तो वेग कमी. आणि पहिल्या सरीनंतरची दहा मिनिटं सगळ्यात वाईट, कारण जांभ्याची धूळ भिजून तिचा लगदा झालेला असतो.

माझी एसयूव्ही आहे, चालेल का?

उंच गाडीत जास्त पकड म्हणजे उलटण्याचा धोका. आयोजकांनी परवानगी दिली तरी स्टिकरवर २-३ च्या वर चढवू नका, आणि मागची हवा वाढवून गाडी फिरवण्याचे प्रयोग तिच्यावर करू नका.

टायर सहा वर्षांचे आहेत, पण नक्षी भरपूर शिल्लक आहे.

नक्षी शिल्लक राहते आणि रबर म्हातारं होतं. भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. इथल्या उन्हात सहा वर्षांत रबर कडक होतं, खोबणींच्या तळाशी बारीक भेगा दिसू लागतात. असा टायर हवेला धड प्रतिसादच देत नाही. ३६ काय आणि ४० काय, घड्याळात फरक पडत नाही. भेगा दिसत असतील तर त्या टायरवर स्पर्धेला उतरू नका. भिंतीवर फुगवटा असेल तर त्यावर घरीसुद्धा जाऊ नका, स्टेपनी चढवा.

सरावासाठी रात्री नव्या हमरस्त्यावर गेलो तर? किंवा भाड्याची गाडी घेतली तर?

दोन्ही नको. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या रस्त्यावरून कोणीतरी मासे घेऊन, कोणीतरी पोर मागे बसवून स्कूटरने चाललेलं असतं. भाड्याच्या गाडीचे टायर, तिचा करार, तिचा मालक, सगळंच दुसऱ्याचं. आणि आपल्या गाडीचंही विमापत्र एकदा वाचा. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. मैदानावर गाडीचं काही झालं तर खर्च आपला, हे धरूनच उतरा. देशातल्या मोटार स्पर्धांचा कारभार फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया पाहते. स्पर्धा तिच्या मान्यतेने होते आहे का, परवाना आणि हेल्मेटचे नियम काय, ते आयोजकांना आधीच विचारा.

वहीत काय काय लिहायचं?

दिवस, जागा, डांबर की काँक्रीट की माती, ऊन की ढग. चारही टायरचा थंड आकडा. मग फेरीगणिक: फेरीआधीचा आकडा, वेळ, खडू कुठपर्यंत, आणि गाडी कशी वाटली याचं एक वाक्य. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘तिसरी फेरी. पुढे ४०, मागे ३६, गरम. खडू त्रिकोणापाशी. शेवटच्या उजव्या वळणात गाडी आपणहून आत आली. ब्रेक उशिरा लावला, एक कोन पाडला.’ कोन पाडल्याचं लिहिलं नसतं तर वेळ का बिघडला याचं खापर मी हवेवर फोडलं असतं.

फोनमध्ये लिहिलं तरी चालेल, पण मळक्या हाताने वही सोपी जाते. आणि फेरी संपल्यावर लगेच लिहा. संध्याकाळपर्यंत सगळ्या फेऱ्या एकमेकींत मिसळून जातात.

स्पर्धा संपली. तशाच हवेवर घरी गेलो तर काय बिघडतं?

४० पीएसआयवर रस्त्यावरचे खड्डे थेट पाठीला आणि सस्पेन्शनला बसतात, ब्रेक लावल्यावर गाडी लांब थांबते, टायर मधोमध झिजतो. चोर्ल्याच्या घाटातून किंवा जुवारीच्या पुलावरून अंधारात घरी जायचं असेल तर तसं जाऊ नका.

पण गरम टायरमधली हवा काढून गेजवर ३२ आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो टायर २८-२९ वर असेल. म्हणून निघताना गरम टायर स्टिकरच्या ३-४ वर ठेवा, घरापर्यंत सावकाश या. मी फोंड्याला पोहोचतो तोवर रात्र झालेली असते, तेव्हा गेज गाडीतच ठेवतो. सकाळी गाडी हलवण्याआधी, उन्हं अंगणात यायच्या आत, चारही टायर आणि स्टेपनी मोजतो आणि स्टिकरच्या आकड्यावर आणतो. त्याच वेळी प्रत्येक टायरवरून तळहात फिरवतो. रुतलेला खडा, कापलेली भिंत किंवा फुगवटा असेल तर तेव्हाच हाताला लागतो.